पगारी कुरकुर

वादळाचा इशारा आला की शहाणी माणसं दारंखिडक्या लावून घेतात. मला नेमका तेव्हाच फोन येतो. "अंदाज बघितलात ना? उद्या दिवसभर मुसळधार, वर वाराही आहे! निघताय ना जाकीट घेऊन?" आवाजात असा आनंद, की वाटावं वरून अर्ज मंजूर करून आणलाय.

डोंगरात वापरायचे कपडे, बूट, तंबू, स्लीपिंग बॅगा हे सगळं दुकानात येण्याआधी वापरून बघायचं आणि त्यात काय खोट आहे ते कळवायचं, हे माझं काम. ऐकणाऱ्याला वाटतं, मजा आहे बुवा, फुकट कपडे आणि फुकट भटकंती. कपडे परत द्यावे लागतात. भटकंतीही अशी, की जिथून बाकीचे खाली पळत येत असतात तिथे आपण वर निघायचं. माझी निवडसुद्धा काही पराक्रम बघून झालेली नाही. नमुने बहुधा एकाच मापात शिवतात, मीडियम, आणि माझी छाती, हात, कंबर त्या मापात बसतात एवढीच माझी गुणवत्ता. त्यामुळे माझ्या पोटाचा घेर वाढला की डॉक्टरांच्या आधी डिझायनरबाई अस्वस्थ होतात.

पाऊस हा आमचा खरा मालक, आणि तो महालहरी. जाकीट हातात नव्हतं तेव्हा धो धो कोसळणारा हा गृहस्थ पार्सल येताच गायब होतो. मग आमचा चातक होतो. आकाश निरभ्र, सगळे खूश, आणि आपण चेहरा पाडून बसलेले. एकदा वैतागून मी जाकीट चढवलं, टोपी कपाळावर ओढली आणि घरच्याच शॉवरखाली उभा राहिलो. दार उघडून बायको बराच वेळ बघत राहिली. "निदान बूट तरी काढायचे," एवढंच म्हणाली. कंपनीने तो अहवाल नाकारला. शॉवरचं पाणी वरून आणि शिस्तीत येतं, खरा पाऊस आडवा येतो, खालून येतो आणि वाऱ्याला सोबत घेऊन येतो, हे त्यांचं म्हणणं मला मान्य करावं लागलं.

प्रयोगशाळेत हे सगळं आधी तपासलेलं असतंच. कापड ताणून बसवतात आणि त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात. तीन ठिकाणी थेंब फुटले की दाब टिपून घेतात. २०,००० मिमी असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ, वीस मीटर उंच पाण्याचा स्तंभ त्या कापडाने पेलला. ऐकूनच छाती फुगते. पण वीस मीटरचा स्तंभ डोक्यावर घेऊन कोण चालतं? पाऊस कापडातून येतच नाही, तो गळ्यातून येतो. खडक धरायला हात वर केला की मनगटातून शिरतो आणि कोपराकोपराने काखेत जाऊन मुक्काम करतो. घासण्याची चाचणीही तशीच. एक यंत्र कापड लोकरीवर गोलगोल घासत राहतं, हजारो फेरे, न कंटाळता. मात्र त्या यंत्राला बूड नसतं. उतारावर पाय सटकून बसल्याबसल्या वीस फूट खाली येणं त्याला कसं जमणार? त्यासाठी आम्ही.

याचा इतिहासही आमच्याच बाजूने आहे. १९६९ साली रॉबर्ट गोर यांनी तापवलेला टेफ्लॉनचा दांडा वैतागून हिसका देऊन ओढला आणि बारीक छिद्रांचं ते प्रसिद्ध 'गोर-टेक्स' पटल जन्माला आलं. पाण्याचा थेंब आत येणार नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाईल. उत्तमच. पुढे सत्तरच्या दशकात त्याची जाकिटं माणसांच्या अंगावर चढली आणि काही गळू लागली. कारण अंगाचा तेलकटपणा आणि घामातला मळ त्या छिद्रांत जाऊन बसत होता. शेवटी आतून आणखी एक पातळ थर देऊन हा दोष काढावा लागला. इतकं हुशार पटल, पण माणूस मळकट असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

या धंद्यातला माझा आदर्श म्हणजे जॉर्ज फिंच. हा रसायनशास्त्रज्ञ १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेवर फुग्याच्या कापडाचा, आत पिसं भरलेला कोट घालून गेला. बाकीचे साहेब ट्वीडमध्ये. सगळे त्याला हसले. थंडी वाढली तसं हसू कमी झालं आणि नजरा कोटावर खिळल्या. तिकडे गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी १९२४ साली रेशीम, लोकर आणि गॅबर्डिनचे थर घालून एव्हरेस्टवर गेला आणि परत आला नाही. त्याच्या कपड्यांची हुबेहूब नक्कल करून गिर्यारोहक ग्रॅहम हॉयलंड यांनी ती एव्हरेस्टवर वापरून पाहिली २००६ साली. कपडे चांगले हलके आणि सोयीचे निघाले. म्हणजे अहवाल यायला ८२ वर्षं लागली. आमच्याकडे आठवडाभर उशीर झाला तरी फोनवर फोन.

त्यातही मला सर्वांत जास्त छळतं ते स्लीपिंग बॅगचं तापमान, म्हणजे किती थंडीपर्यंत ती चालेल तो आकडा. ते ठरवायला २०१६ पासून आयएसओ २३५३७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आत तापवलेला पुतळा झोपवतात आणि तीन आकडे काढतात. पहिला सुखाने झोपायचा. दुसरा अंग आक्रसून कशीबशी झोप लागण्याचा. तिसरा टोकाचा, म्हणजे सर्वसाधारण बाई सहा तास गारठून मरणार नाही एवढाच. गिऱ्हाइकं हौसेने नेमका तिसरा वाचतात. आणि तो पुतळा! तो कूस बदलत नाही, घोरत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला रात्री दोन वाजता लघवीला लागत नाही. अंधारात, बधिर बोटांनी, ओठ आवळून, आतल्या बाजूची झिप शोधून उघडणं ही या उद्योगातली सर्वांत अवघड चाचणी आहे आणि तिच्यासाठी जगात एकही यंत्र नाही. फॉर्ममध्ये प्रश्न असतो: झिप अस्तरात किती वेळा अडकली? कधीच नाही, क्वचित, वारंवार. मी लिहिलं, 'क्वचित. पण जेव्हा अडकायला नको होती तेव्हाच.' डिझायनरबाईंनी विचारलं, "हे कुठल्या रकान्यात घालू?"

या बाईंना तक्रार नेमकी लागते. 'टोचतं' चालत नाही. 'सॅकचा पट्टा आवळला की उजव्या खांद्याची शिवण गळपट्टीच्या हाडावर येते' असं लागतं. मध्यंतरी त्यांनी एक जाकीट पाठवलं, डावं अंग एका कापडाचं, उजवं दुसऱ्या. कुठल्या बाजूला जास्त घाम येतो ते सांगायचं. चढणीवर मी थांबून थांबून स्वतःच्या दोन्ही काखांत हात घालून अंदाज घेत होतो. वरून येणाऱ्या एका कुटुंबाने मुलांना माझ्यापासून लांबच्या बाजूने नेलं.

धुणं हाही चाचणीचाच भाग. जाकिटावर पाण्याचे मोती घरंगळणं थांबलं की वरचं कापड पाणी पिऊन जड होतं. आतली वाफ बाहेर पडत नाही, अंगालाच चिकटते, आणि माणूस शपथेवर सांगतो की जाकीट गळतंय. खरं तर ते धुऊन, साबण पूर्ण काढून, सांगितलेल्या आचेवर वाळवलं की बऱ्याचदा मोती परत येतात. हे मी लोकांना सांगतो. लोक मान डोलावतात आणि जाकीट न धुता कपाटात ठेवतात.

अखेर एक जाकीट दुकानात आलं. उत्सुकतेने बघायला गेलो. मनगटाची पट्टी मी सांगितली तशी होती, टोपी चष्म्यावर येत नव्हती. छातीवरचा खिसा मात्र खर्च वाचवायला काढून टाकला होता. शेजारी एक तरुण तेच घालून आरशासमोर उभा होता. मला राहवलं नाही. हात वर करून बघा, सॅक चढवून बघा, काखेखालची झिप एका हाताने उघडते का पाहा, असं सगळं त्याला समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आरशात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं,

"यात निळा आहे का?"