नांदेड ते कोल्हापूर : एक तास दोन मिनिटे

आज सकाळी भाच्याने घरच्या ग्रुपवर एका संकेतस्थळाचे चित्र टाकले : नांदेड ते कोल्हापूर हवाई अंतर ४२५ किलोमीटर, विमानाचा वेळ १ तास २ मिनिटे. खाली लिहिले होते, 'मामा, तुम्ही उगाच एवढी दगदग करता.' तेव्हापासून डोके फिरले आहे.

हा आकडा कसा निघतो? दोन विमानतळांमध्ये पृथ्वीच्या गोलावरून सरळ रेघ ओढायची, ताशी आठशे किलोमीटर वेग धरायचा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा. त्या रेघेवरून विमान जाते की नाही, हे विचारायची तसदी कोणी घेत नाही. आपल्याकडच्या छोट्या धावपट्ट्यांवर बहुधा येणारे एटीआर नावाचे पंख्याचे छोटे विमान तर ताशी पाचशेच्या आसपासच उडते.

मोठ्या मामांच्या तेराव्याला मी आईला विमानाने कोल्हापूरला नेले होते. थेट विमान नव्हते, म्हणून आधी हैदराबाद आणि तिथून कोल्हापूर. नैर्ऋत्येला जायचे असताना आम्ही आग्नेयेला निघालो. ४२५ किलोमीटरच्या जागी जवळपास सातशे किलोमीटर उडालो, तेही महाराष्ट्रातून महाराष्ट्रात येण्यासाठी तेलंगणात उतरून. हवेत फार वेळ गेला नाही, हे मान्य. उरलेला सगळा दिवस आई खुर्चीवर पाय लांब करून, गुडघ्याला मूव्ह चोळत बसली होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, 'अरे, आपले विमान लागले का?'

भाच्यावर माझा राग नाही. त्याने मायेनेच लिहिले; आजीला त्रास होऊ नये, एवढेच त्या पोराच्या मनात असणार.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' या स्वस्त विमानप्रवासाच्या सरकारी योजनेची पहिली विमाने सुटली, त्यात नांदेड-हैदराबाद होते. साधारण तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, तेही ठरावीक जागांपुरते. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, असे आपल्याला सांगितले गेले. कोल्हापूरची धावपट्टी तर राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ सालची. दोन्हीकडे विमानतळ आहेत, आणि तरीही नांदेडहून कोल्हापूरला जायला आम्हाला वाट धरावी लागली ती दुसऱ्या राज्यातून! योजनेतल्या मार्गाला सरकारी मदत ठरली ती तीन वर्षांची, त्यानंतर मार्ग टिकला तर टिकला. रोज विमान भरेल इतके प्रवासी नांदेड-कोल्हापूरला मिळणार नाहीत, हे मलाही कळते. पण मग तो एक तास दोन मिनिटांचा आकडा तरी कशाला मिरवायचा?

आई त्या दिवशी कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीला उतरली तेव्हा ऊन कलले होते आणि मामांच्या घरची पंगत केव्हाच उठली होती. तिने कोणाला बोल लावला नाही, फक्त मामींच्या शेजारी जाऊन बसली. लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली अशी आदल्या रात्रीची बस धरली असती, तर ती पानावर वेळेत बसली असती.

हे आकडे छापणाऱ्यांनी खाली आणखी एक ओळ छापावी : घराच्या दारापासून पाहुण्यांच्या दारापर्यंत किती तास, आणि त्या मार्गावर आज विमान आहे की नाही. नसेल, तर एसटीचे वेळापत्रक द्यावे.