दान करा, टॅग करा

डिसेंबर लागला की तुमच्यातला दाता जागा होतो, हे उत्तमच. यंदा ऑफिसच्या ग्रुपवर नाताळच्या दानाला 'मुलांची डिजिटल सुरक्षा' हा विषय ठरलाय, हे तर त्याहून उत्तम. मागे झाडं लावून झाली. त्यांचं पुढे काय झालं, हे विचारायचं नसतं.

आधी बालगृहातल्या मुलांना द्यायला ड्रॉवरमधला जुना फोन शोधा. काच तडकलेला, दुपारपर्यंत चार्जिंग संपणारा, सिक्युरिटी अपडेट केव्हाच बंद पडलेला. तो रीसेट वगैरे करत बसू नका. नवं अकाउंट काढायचंच असेल तर जन्मसाल बिनधास्त १९८५ टाका. सहावीतलं पोर एका क्षणात प्रौढ होतं आणि लहान मुलांसाठीची सगळी बंधनं आपोआप गळून पडतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते म्हणे. बालगृहातल्या पोराचे पालक कुठून आणायचे, ते कायदेवाले बघतील. आपण फोन दिला, विषय संपला.

आता मुख्य कार्यक्रम, म्हणजे फोटो. एचआरमधल्या त्या गोलमटोल गृहस्थाला सांताचा डगला चढवा. कापसाची दाढी तोंडात जाते, तेवढं सांभाळा. मुलांना उंचीप्रमाणे उभं करा. फोनचा बॉक्स छातीशी, नजर कॅमेऱ्याकडे. जी मुलगी मान खाली घालते तिला दोनदा सांगा, 'बाळा, स्माइल!' मागे संस्थेची पाटी पत्त्यासकट दिसली पाहिजे, नाहीतर खरं कोण मानणार? कॅप्शनमध्ये नाव, इयत्ता आणि वडील कधी सोडून गेले ते लिहा. लोकेशन चालू ठेवा.

एखादा शहाणा बाल न्याय कायद्याचं, २०१५ चं, कलम ७४ काढेल: अशा मुलांची ओळख जाहीर केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याला म्युट करा. अशा नकारात्मक लोकांमुळेच समाजकार्य मागे पडतं.

संस्थेच्या ताई चहा देताना हळूच म्हणतील, 'फोन नकोत हो, एका समुपदेशकाचा वर्षाचा पगार दिलात तर बरं होईल.' अनोळखी माणसाने फोटो मागितला तर काय करायचं, आधीच पाठवला असेल तर कुणाला सांगायचं, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कसा लावायचा, हे शनिवारी मुलांशी बसून बोलणारं कुणीतरी हवंय त्यांना. हसून विषय बदला. पगाराचा फोटो काय काढणार? आणि एखादं पोर कुणाच्या तावडीत सापडता सापडता वाचलं, याचं रील होत नाही.

पावती मात्र न विसरता मागा. नव्या कररचनेत देणगीवरची ८०-जीची करसवलतच नाही, हे सीए जुलैत सांगेल तेव्हा जरा वाईट वाटेल; तोवर लाईक मोजा.

आणि हो, त्याच संध्याकाळी लेकीचा स्नेहसंमेलनातला फोटो टाकाल, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इमोजी चिकटवा. शाळेचं नावही झाका. हल्ली कोण काय करेल, सांगता येत नाही.