घरचे ताट खरेच कमी होते का? मध्याह्न भोजनावरील आक्षेपांना उत्तर

गेल्या काही आठवड्यांत इंदुरातल्या आपल्या मराठी मंडळींमध्ये, रामबागेपासून सुदामानगरापर्यंत, एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: गरीब देशांत शाळेत जेवण दिल्याने मुलांचे पोषण सुधारत नाही, कारण शाळेत पोट भरले की आईबाप घरचे ताट तेवढेच कमी करतात, शिवाय उंचीची खुंटलेली वाढ दुसऱ्या वर्षापर्यंतच ठरून गेलेली असते, म्हणून हा खर्च थांबवून पैसे सरळ पालकांच्या खात्यात भरावेत. हा संदेश पुढे पाठवणारी माणसे शिकलेली आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नाही. म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवे.

घरच्या ताटाचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि तो प्रत्यक्ष मोजून तपासता येतो. तसा तो आपल्याच राज्यात तपासला गेला आहे. अर्थशास्त्रज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी छिंदवाडा जिल्ह्यातील मुलांचा शाळेच्या दिवशीचा आणि शाळा नसलेल्या दिवशीचा पूर्ण आहार नोंदवून त्यांची तुलना केली. घरचे ताट खरोखर तेवढेच कमी होत असते, तर दोन्ही दिवसांची बेरीज सारखी आली असती. ती तशी आली नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार शाळेतून मिळालेल्या पोषणापैकी, घटकागणिक वेगवेगळा, 49 ते 100 टक्के भाग मुलाच्या दिवसभराच्या आहारात भर म्हणून पडला. त्यामुळे प्रथिनांची तूट भरून निघाली, उष्मांकांची तूट जवळजवळ 30 टक्क्यांनी आणि लोहाची सुमारे 10 टक्क्यांनी घटली. फिलिपीन्समधील शालेय आहाराच्या 2002 च्या अभ्यासात हॅनन जेकोबी यांनाही शाळेतले उष्मांक घरच्या ताटातून वजा झालेले जवळपास आढळलेच नाहीत. फार गरीब घरांत मात्र थोडी वजाबाकी होते, असे त्यांनीच नोंदवले आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण अशा घरात वाचलेली भाकरी धाकट्या भावंडाच्या वाट्याला येत असेल, तर तिला वाया गेलेली म्हणता येत नाही.

आकडे बाजूला ठेवले, तरी ज्या मुलाची आई सकाळी सातला चार घरची धुणीभांडी करायला आणि बाप मजुरीच्या नाक्यावर जातो, त्याच्या घरी दुपारी ताट वाढणारे कोणी नसते. जे ताट वाढलेच जात नाही, ते कमी कसे होणार?

पैसे खात्यात भरण्याची सूचना तर याच संदेशाच्या पहिल्या मुद्द्याला छेद देते. आईबाप मुलाच्या तोंडचा घास दुसरीकडे वळवतात, असे मानायचे आणि त्याच आईबापांच्या हाती मुलाच्या घासाचे पैसे द्यायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. घरात आलेला पैसा भाड्याला, औषधाला, उधारीला जातो आणि त्यात त्या घराचा काही दोष नाही. 1995 मध्ये ही योजना सुरू झाल्यावर बहुतेक राज्यांत मुलांना महिन्याला 3 किलो कोरडे धान्य दिले जाई, आणि ते साहजिकच साऱ्या घराच्या पिठात मिसळे. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच जेवण, किमान 300 उष्मांकांचे आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनांचे, वर्षातून किमान 200 दिवस देण्याचा आदेश दिला. शाळेच्या ओळीत बसून खाल्लेला घास त्या मुलाच्याच पोटात जातो, आणि शिजवलेल्या अन्नाचे सारे महत्त्व यातच आहे.

वाढ खुंटण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील 35.7 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, आणि पहिल्या हजार दिवसांत, म्हणजे गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत, झालेले हे नुकसान सहाव्या वर्षी मिळालेल्या खिचडीने भरून येत नाही. पण त्या हजार दिवसांची सुरुवात आईच्या शरीरात होते, आणि आज पाचवीत बसलेली मुलगी ही उद्याची आई आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशभरच्या आकडेवारीवर आधारलेल्या अभ्यासात हेच दिसले की ज्या स्त्रियांना लहानपणी शाळेत हे जेवण मिळाले होते, त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक भरली. म्हणजे ज्या वयासाठी हे जेवण निरुपयोगी ठरवले जाते, त्याच वयापर्यंत त्याचा परिणाम पोचतो, फक्त एक पिढी उशिरा.

योजनेत दोष नाहीत, असे मी म्हणत नाही. 2013 मध्ये बिहारमधील गंडामन गावी कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने 23 मुले दगावली, हे विसरता येत नाही. प्राथमिक शाळेतील मुलामागे दिवसाला निकष 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेलाचा आहे. धान्य वेगळे मिळते. बाकी सगळ्यासाठी, सरपण किंवा गॅसही धरून, मे 2025 पासूनचा दर मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आहे. इंदुरात रस्त्यावरचा चहाही आता एवढ्यात मिळत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या मानधनाचा केंद्राने ठरवलेला आकडा 2009 पासून महिना 1000 रुपयेच आहे, तोही वर्षातले दहा महिने. राज्ये त्यात आपापली भर घालतात, एवढेच. ज्यांना मुलांच्या पोषणाची खरी काळजी आहे, त्यांनी या दोन आकड्यांबद्दल तक्रार करावी. मी त्यांच्याबरोबर उभा राहीन.