खुकरीवरच्या १७६ नौसैनिकांनी जलसमाधी ‘पत्करली’ नव्हती

डिसेंबर लागला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘आयएनएस खुकरी’ला ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीचे तीन टॉर्पेडो (पाण्याखालून जाणारे स्फोटक बाण) लागले. नौदलाच्या नियमाप्रमाणे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजावरच थांबले. त्यांना सोडून जायला नकार देत १७६ नौसैनिकांनी त्यांच्यासोबत जलसमाधी पत्करली. सोबतची युद्धनौका ‘कृपाण’ मात्र पळून गेली. याचीच एक उलटी आवृत्तीही फिरते: अधिकारी निसटले आणि बिचारे खलाशी बुडाले.

तारीख, जागा आणि ‘हंगोर’ या पाणबुडीचं नाव बरोबर आहे. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, हेही खरं. बाकीचं एकेक करून पाहू.

‘जहाजासोबत बुडायचं हा नियम.’ असा नियम नाही. १९५७ च्या नौदल कायद्यात जहाज हलगर्जीपणाने गमावल्याबद्दल शिक्षा आहे, पण कप्तानाने बुडावं असं सांगणारं कलम नाही. परंपरा एवढीच की जहाज सोडणाऱ्यांत कप्तान शेवटचा असतो. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्याच्या मानपत्रात त्यांनी केलेलं काम सांगितलं आहे: जहाज सोडण्याचा निर्णय घेतला, माणसं बाहेर काढण्यावर देखरेख केली, स्वतःचं जीवरक्षक साधन एका नौसैनिकाला दिलं आणि आणखी कोणाला वाचवता येतं का हे पाहायला पुन्हा ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे गेले. नियम पाळणाऱ्या माणसाचं हे वर्णन नाही. आणि याच मानपत्रामुळे मजकुरातला पुढचा दावा कोसळतो.

‘१७६ जणांनी जायला नकार दिला.’ कप्तानाचा हुकूमच जहाज सोडण्याचा होता. ज्यांना ऐकू आला आणि ज्यांना वाट सापडली ते निघाले, त्यांतले ६७ वाचले. उरलेल्यांपुढे निवड नव्हती. हे समजायला जहाज आतून कसं होतं ते पाहावं लागतं.

खुकरी ब्रिटिश ‘टाइप १४’ वर्गाची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. लांबी सुमारे ९४ मीटर, रुंदी जेमतेम १० मीटर, दोन बॉयलर आणि पंखा फिरवणारा एकच शाफ्ट. पाणबुडीविरोधी कामासाठी स्वस्तात आणि हलकी बांधलेली नौका. रात्री पावणेनऊच्या सुमारास अशा जहाजावर कोण कुठे असतं? ब्रिजवर आणि उघड्या डेकवर थोडे जण. बॉयलर रूम आणि इंजिन रूममध्ये पाणरेषेच्या खाली स्टोकर (बॉयलर सांभाळणारे) आणि मेकॅनिक, म्हणजे लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त शिकून आलेली पोरं. सोनार (ध्वनी सोडून पाण्याखालचा शोध घेणारं यंत्र) आणि इतर यंत्रांपाशी बंद कंपार्टमेंटमध्ये त्या त्या शाखेचे. आणि ज्यांची वॉच, म्हणजे पाळी, संपलेली ते मेस डेकमध्ये, खलाशांच्या राहण्या-जेवण्याच्या जागी. त्या वेळी बरेच जण खाली रेडिओवरच्या बातम्या ऐकत होते, असं वाचलेल्यांनी सांगितलं आहे.

जहाज दोन-तीन मिनिटांत गेलं. वीज जाते, अंधार होतो, जहाज कलतं. कललेल्या जहाजात सरळ शिडी आडवी होते आणि भिंतच पायाखाली येते. युद्धकाळात दारं आणि हॅच (डेकमधून वर-खाली जायची झाकणाची तोंडं) एक्स, वाय, झेड अशा खुणांप्रमाणे बंद ठेवतात, म्हणजे एका कंपार्टमेंटमधलं पाणी दुसऱ्यात शिरत नाही. मोठी हॅच बंद असेल तर तिच्यातल्या छोट्या झाकणातून एकेकानेच वर यायचं. हिशेब करा: उजेड असेल, जहाज सरळ असेल, कोणी धक्काबुक्की करत नसेल आणि एका माणसाला चार सेकंद लागत असतील, तरी दोन मिनिटांत एका तोंडातून तीस जण निघतात. यातली एकही अट त्या रात्री शिल्लक नव्हती. फुगवायचं जॅकेट असेल तर आणखी एक सापळा: घाबरून ते आतच फुगवलं, की पाणी भरताना ते माणसाला छताला चिकटवून ठेवतं आणि त्याला खाली बुडी मारून दारातून निघता येत नाही. जो पाण्यात पोचला त्याच्यासमोर भट्टीचं तेल, म्हणजे बॉयलरचं इंधन. ते डोळ्यांत आणि नाकातोंडात जातं, श्वास कोंडतो, आणि हात इतके बुळबुळीत होतात की तराफ्याची दोरी धरवत नाही.

लहान गावातून विशीच्या आत भरती झालेला एखादा स्टोकर या परिस्थितीत बॉयलरपाशी मेला, त्याला ‘कप्तानासाठी थांबला’ म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालणं. तो आपल्या वॉचवर होता. तेच लिहावं.

‘अधिकारी निसटले.’ आकडे मांडले की हा मुद्दा उरत नाही. २४ अधिकाऱ्यांपैकी १८ गेले, ६ वाचले. २३७ नौसैनिकांपैकी १७६ गेले, ६१ वाचले. मृत्यूचं प्रमाण अधिकाऱ्यांत ७५ टक्के, नौसैनिकांत ७४ टक्क्यांच्या थोडं वर.

‘तीन टॉर्पेडो लागले.’ हंगोरने तीन सोडले, हे तिच्या कप्तानाचंच निवेदन. पहिला कृपाणवर, तो न फुटता खालून गेला. दुसरा खुकरीवर, तोच एक तिला लागला. तिसरा पुन्हा कृपाणच्या दिशेने. वाचलेल्यांना एकाहून जास्त स्फोट जाणवले, त्यात चूक काही नाही, कारण दारूगोळा, तेलाच्या टाक्या आणि वाफेवरचे बॉयलर एकाच जहाजात असतात.

पाणबुडी आधी सापडली कशी नाही, याबद्दल मजकूर गप्प आहे, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. सोनारचा ध्वनी पाणबुडीपर्यंत जाऊन परत यावा लागतो. पाणबुडीला तो फक्त जाताना ऐकायचा असतो, म्हणून तिला जहाज कितीतरी आधी कळतं. त्यातून वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी यांच्या थरावर ध्वनी वाकतो, आणि थराखाली उतरलेली पाणबुडी लपते. सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी खुकरीच्या सोनारवर एक सुधारणा तपासली जात होती. त्यासाठी वेग १२ नॉटच्या (ताशी सुमारे २२ किलोमीटर) आसपास ठेवला होता. या जहाजांचा कमाल वेग २७ नॉटच्या वर. हळू चालणारं जहाज चांगलं ऐकतं, पण नेम धरायलाही सोपं जातं. खुकरी आणि कृपाणच्या ताफ्यातली तिसरी नौका ‘कुठार’ बॉयलरच्या बिघाडाने आधीच मुंबईला परतली होती, म्हणजे पाणबुडी शोधायचं काम उरलेल्या दोघींवरच होतं.

‘कृपाण पळाली.’ त्या रात्री ती तिथून निघून गेली. तिने पाणबुडीचा माग सोडायला नको होता, असं म्हणता येतं. तो वाद रास्त आहे आणि आम्ही तो इथे मिटवणार नाही. पण ‘लगेच थांबून माणसं उचलायला हवी होती’ म्हणणाऱ्यांनी २२ सप्टेंबर १९१४ चं उदाहरण पाहावं. उत्तर समुद्रात ‘अबुकीर’ बुडू लागली, मदतीला ‘होग’ आणि ‘क्रेसी’ थांबल्या, आणि एकाच जर्मन पाणबुडीने तिन्ही क्रूझर बुडवल्या. चौदाशेहून अधिक माणसं गेली. पाणबुडी जवळ असताना थांबलेलं जहाज म्हणजे पुढचं लक्ष्य. खुकरी बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी नौदलाची ‘कच्छल’ आणि कृपाण तिथे पोचल्या आणि वाचलेल्यांना उचललं. पाकिस्तानी बाजूने कृपाणलाही टॉर्पेडो लागल्याचा दावा केला जातो. ती पुढे कित्येक वर्षं चालली आणि १९७८ मध्ये तटरक्षक दलाकडे गेली.

जाता जाता, मजकुरासोबत येणारा फोटो. दीवच्या स्मारकात काचेत दिसते ती खुकरीची लहान प्रतिकृती. मूळ जहाज आतल्या माणसांसह समुद्राच्या तळाशीच आहे.