पैलवानांचे फोटो भंगारात घालू नका

जळगाव-धुळ्याकडच्या नव्या जिममध्ये हल्ली एक कृष्णधवल पोस्टर बघायला मिळतं. कुरळे केस, पीळ दिलेली मिशी, दगडातून कोरल्यासारखे दंड. तो शरीरसौष्ठवासाठी जगभर गाजलेला युजेन सँडो. न्यूयॉर्कच्या नेपोलियन सॅरोनीने 1893 च्या सुमारास त्याचे फोटो काढले. अंगाला पांढरी पूड फासून सँडो ग्रीक शिल्पांतल्या पोझ घ्यायचा, म्हणून त्वचा संगमरवरी वाटते. 1905 मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. फोटो अव्वल आहेत, भिंतीवर जरूर लावा.

पण त्याच गावातल्या तालमीचा जीर्णोद्धार निघाला की तिथल्या जुन्या पैलवानांचे फोटो पोत्यात भरून भंगारात जातात आणि त्या जागी फ्लेक्स लागतो. याचा मला मनापासून संताप येतो.

असाच बचावलेला एक फोटो आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. एरंडोलकडच्या एका घरातला. लंगोट लावलेला गडी, खांद्यावर गदा, मागे खांब आणि जिना रंगवलेला स्टुडिओचा पडदा, पायाखाली सतरंजी. उजेड डावीकडून येतोय, त्यामुळे छातीची एक बाजू लख्ख आणि दुसरी अंधारात. खांद्यापासून कोपरापर्यंत तेलाची एक चकाकती रेघ. कान मोडलेले, मान डोक्याएवढी रुंद. पोट आत ओढलेलं नाही, ओढायची गरजही वाटलेली नाही. डाव्या पायाचा अंगठा तेवढा हललाय, कारण तेव्हा एक्स्पोजर लांब असायचं आणि श्वास धरून उभं राहावं लागायचं. गालावरचे डाग निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवलेत, कानांना मात्र हात लावलेला नाही. ज्याने हे ठरवलं तो कलावंतच होता, त्याचं नाव कुठे लिहिलेलं नसलं तरी.

आजच्या पोस्टरवरचं शरीर स्पर्धेआधी पाणी तोडून, कातडी पातळ करून कॅमेऱ्यासमोर आणलेलं असतं. त्यातही मेहनत आहे. पण जोर, बैठका, मुदगल आणि हौद्यातल्या मातीने घडलेलं शरीर मला जास्त देखणं वाटतं, कारण ते कशासाठी घडलंय हे बघताक्षणी कळतं.

घरातले फोटो जातात त्याचं कारण वेगळं. ‘बैठकीत लंगोटातला फोटो बरा दिसत नाही,’ म्हणून आजोबा आधी माळ्यावर जातात, मग कुणी विचारलंच, ‘कोना से हाऊ फोटो?’ तर सांगणारं कुणी उरलेलं नसतं. उघड्या अंगाची लाज आपल्याला कधीपासून वाटायला लागली? यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीला आख्खं गाव मुलाबाळांसकट बसायचं. छायाचित्रकार मायब्रिजने 1887 मध्ये माणसांच्या आणि जनावरांच्या हालचालींच्या 781 प्लेट्स प्रसिद्ध केल्या, त्यांत उघड्या अंगाने कुस्ती खेळणारेही आहेत. जगभरची संग्रहालयं त्या जिवापाड जपतात.

आणि फोटोकलेचं आपल्याला वावडं आहे असंही नाही. चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) राहिले. इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंवर उजेड-सावलीचे प्रयोग करत राहिला. त्यांच्या घराचं संग्रहालय झालंय. ते एकदा बघून या आणि मग तालमीतल्या भिंतीकडे बघा, नजर बदलते की नाही सांगा.

माझी मागणी मोठी नाही. तालमीच्या नव्या इमारतीत एक भिंत जुन्या फोटोंना द्या, थेट ऊन येणार नाही अशी. 1952 ला हेलसिंकीत कुस्तीत ब्राँझ जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांच्या शेजारी आपल्या गावचा वस्तादही लागू दे. फोटो ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन होतो. घरातल्या म्हाताऱ्यांना नाव, गाव, वस्ताद विचारून मागे हलक्या हाताने पेन्सिलीने लिहा, बॉलपेन नको. आणि स्कॅनची सोय नसेल तर मला मेसेज करा, जळगाव-धुळे-नंदुरबारात कुठेही मी स्कॅनर घेऊन येतो.