बॉक्स तुमचा, सिग्नल नाही

मॅचचा हंगाम आला की नाशिकच्या केबलवाल्यांच्या आणि लॉजवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवशी चौघांनी पाठवला. म्हणणं असं: पॅकचे पैसे भरले की सिग्नल आपला, मग तो कितीही टीव्हींवर दाखवा, वेगळे पैसे घेतले नाहीत तर गुन्हा नाही, क्रिकेट तर सरकारनेच कायद्याने फुकट केलंय, आणि कॉपीराइट हा दिवाणी मामला, पोलिसांचा संबंध नाही. खाली नेहमीप्रमाणे ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी सिडकोत चौदा वर्षं केबल चालवली. यातलं एकेक वाक्य मीही कधी ना कधी बोललोय, त्यामुळे उपदेश करायचा अधिकार मला नाही. पण हे खरं नाही.

‘पैसे भरले, सिग्नल आपला.’ चौघांपैकी एक पंचवटीत लॉज चालवतो. त्याच्या जिन्याखाली एक घरगुती बॉक्स आहे, त्याची पिन मॉड्युलेटरला (बॉक्सचं चित्र केबलवर चढवणारं यंत्र), पुढे वायर वाटणारा स्प्लिटर आणि बारा खोल्या. तो म्हणतो, मी चोरी कुठे केली, दर महिन्याला रिचार्ज करतो. रिचार्ज करतो हे खरंच. पण त्या पैशांत एका घराने बघायची मुभा मिळते, पुढे वाटायची नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात तर त्याच्या जिन्याखालचंच वर्णन आहे: उपग्रहाने किंवा केबलने एकाहून जास्त घरांना एकाच वेळी दाखवलं, की ते जनतेला दाखवणं धरलं जातं. त्यात हॉटेल-वसतिगृहाच्या राहण्याच्या खोल्याही आल्या, तसं स्पष्ट लिहिलंय. शिवाय वाहिनीचा स्वतःचा प्रसारण हक्क वेगळा, कलम 37 खाली, 25 वर्षांचा. सिनेमा एकाच्या मालकीचा, प्रसारण दुसऱ्याचं.

पैसे न घेण्याबद्दल मेसेजवाल्याने अर्धंच कलम वाचलंय. परवानगीशिवाय काय करू नये याची यादी कलम 37 मध्ये आहे आणि त्यात ‘पैसे आकारून लोकांना दाखवणे’ अशी एक बाब आहे. तेवढीच उचलली. तिच्या आधीची बाब पुनःप्रसारणाची, तिथे पैशांची अटच नाही. म्हणजे सातपूरच्या टपरीवाल्याने आपल्या एका टीव्हीवर मॅच लावली आणि चहा रोजच्याच भावाने विकला, तर त्याला या कलमाची भीती घालू नये. (बॉक्सच्या करारात काय लिहिलंय ते वेगळं.) पण ज्याने गच्चीवरून वायर फिरवून आख्ख्या चाळीला तेच चॅनल दिलं, त्याने ‘मी समाजसेवा केली’ म्हणून भागत नाही. धंद्यासाठी केलं नव्हतं म्हणून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, तेही खास कारण नोंदवून. गुन्हा पुसला जात नाही.

क्रिकेटच्या कायद्याचा मुद्दा सगळ्यांत फसवा, कारण असा कायदा खरंच आहे. 2007 चा. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल खासगी वाहिनीने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यायचा, आणि जाहिरातींच्या उत्पन्नात वाहिनीचा वाटा किमान 75 टक्के, उरलेला प्रसार भारतीचा. पण तो सिग्नल कुणासाठी, यावर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या (साध्या अँटेनाच्या) प्रक्षेपणासाठी आणि त्यांच्याच मोफत छत्रीसेवेसाठी, म्हणजे फ्री डिशसाठी, खासगी केबलवाल्यांसाठी नाही. आयपीएल तर त्या यादीतच नाही. फुकट बघायचं असेल तर गच्चीवर फ्री डिशची छत्री लावा, जे सामने त्यावर येतात ते बघा. त्यात कुणाचंच काही जात नाही.

आता पोलीस. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. बेकायदा प्रती आणि त्या बनवायची साधनं जप्त करायला फौजदाराला वॉरंट लागत नाही. ‘त्यांना आपलं नावसुद्धा माहीत नाही’ हीही पळवाट जुनी. 2002 च्या फुटबॉल विश्वचषकावेळी दिल्ली उच्च न्यायालयाने नाव-गाव ठाऊक नसलेल्या केबलवाल्यांविरुद्धही आदेश दिला आणि तपासणीला न्यायालयाचे कमिशनर नेमले. अशा आदेशांतल्या बेनाव माणसाला आपल्याकडे ‘अशोक कुमार’ म्हणतात.

उलट टोकाचा मेसेजही फिरतो, की थेट एमपीडीए, म्हणजे खटल्याआधीच स्थानबद्ध करायचा राज्याचा कायदा, लागेल. त्या कायद्यात 2009 मध्ये व्हिडिओ पायरेट घातले ते सिनेमे आणि त्यांच्या गाण्यांसाठी, मॅचच्या सिग्नलसाठी नाही. आणि घरी आपल्यापुरतं रेकॉर्डिंग करून ठेवणाऱ्याला कायदाच सूट देतो.

नाव कसं सापडतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मॅच रंगात असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात काही सेकंद एक आकडा उमटतो. तो त्या बॉक्सचा किंवा त्यातल्या व्हीसी कार्डाचा (चॅनल उघडणाऱ्या कार्डाचा) नंबर. कोपऱ्यातल्या टेबलावर थंडा घेऊन बसलेला माणूस मोबाइलवर त्याचा फोटो काढतो, बिल देतो, निघून जातो. त्या नंबरावरून बॉक्स कुणाच्या नावावर आहे ते कळायला वेळ लागत नाही. पुष्कळदा तो लॉजवाल्याच्या नावावर नसतोच; वायरिंगच्या पोराच्या नाहीतर त्याच्या आईच्या नावावर घेतलेला असतो. कलम 63 जाणूनबुजून मदत करणाऱ्यालाही लागतं, हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

पंचवटीवाल्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “म्हणजे बारा बॉक्स घ्यायचे का?”

“आधी ऑपरेटरला विचारा, लॉजसाठी कुठलं कनेक्शन देता. आणि पावतीवर लॉजचंच नाव टाका, त्या पोराचं नको.”