पाणी किती?

पावसाळ्यात सांगलीत नमस्कार-चमत्कार बंद होतात. माणसं भेटली की थेट विचारतात, "पाणी किती?" हे पाणी आयर्विन पुलाखालच्या कृष्णेचं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडे पाढ्यांबरोबरच पाठ होतं. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून कुणी नुसतं 'तीस' म्हटलं तरी आम्ही गाद्या माळ्यावर टाकायला निघतो. अशा गावात राहून मी घरात आणखी शंभर लिटर पाणी आणून ठेवलं आणि त्याचेही आकडे मोजत बसलो. याला मी हौस म्हणतो. बायकोचा शब्द वेगळा आहे.

पाणी खारं आहे. समुद्र आणायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायला हवी. त्यापेक्षा आरओच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबानं सागरी माशांच्या टाकीचं खास मीठ कालवलं आणि शोकेसशेजारी समुद्र उभा केला. आत दोन क्लाउनफिश, चार गोगलगाई आणि एक लेदर कोरल. दगडी पोवळ्यांचा प्रश्नच नव्हता. ती आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, थेट वाघाच्या पंगतीत. मी मऊ पोवळं ठेवलं. त्याला दगडी सांगाडा बांधायचा नसतो, म्हणून समजलो, कॅल्शियमची कटकट टळली.

मग दगडांवर जांभळे ठिपके उगवले. हे कोरलाइन शेवाळ. ते पाण्यातून कॅल्शियम ओढतं आणि दगडाला जांभळ्या चुन्याचा गिलावा करतं. गोगलगाई शंखासाठी ओढतात ते वेगळंच. दुकानदार फोटो बघून म्हणाला, "वा, टाकी सेट झाली की!" म्हणजे खर्च सेट झाला, हे मला पुढच्या महिन्यात कळलं.

समुद्रात कॅल्शियम असतं लिटरमागे साधारण ४२० मिलिग्रॅम. चारशे वीस! वडिलांनी जन्मभर ज्या आकड्यापासून लांब राहायला शिकवलं, तोच आता दर रविवारी गाठायचा. हल्ली फसवणुकीचं कलम बदलून ३१८ झालंय म्हणे, पण ते समुद्राला कुणी कळवलेलं दिसत नाही.

मोजायचं असं. काचेच्या नळीत पाच मिली पाणी घ्यायचं, पहिल्या बाटलीतलं औषध टाकायचं, पाणी गुलाबी होतं. मग दुसऱ्या बाटलीतला एकेक थेंब टाकत हलवायचं. निळं झालं की थांबायचं. एक थेंब म्हणजे वीस. एकविसाव्या थेंबाला निळं झालं की चारशे वीस. आमच्या गणपतीच्या गावात एकवीस हा आकडा मोदकांचा, म्हणून मला सुरुवातीला शुभशकुन वाटला होता.

अडचण रंगाची आहे. सोळाव्या थेंबाला मी खिडकीशी नळी धरून म्हणालो, "झालं निळं."

"हे निळं?" बायको भाकरी थापता थापता म्हणाली. "हा आमसुली आहे."

अठराव्याला ती पिठाचे हात घेऊन बघायला आली. "आता वांगी."

"वांगी म्हणजे निळ्यातच आलं ना?"

"अहो, वांगी रंगाची साडी निळी म्हणून कोण विकेल? टाका अजून."

बाविसाव्याला तिनं निळा मंजूर केला. माझ्या डोळ्यानं ३२०, तिच्या डोळ्यानं ४४०. माझ्या आकड्यावर मी आठवडाभर जास्तीचं कॅल्शियम ओतलं असतं. तेव्हापासून शेवटचा निकाल स्वयंपाकघरात लागतो.

नुसतं कॅल्शियम सांभाळून भागत नाही. त्याच्या जोडीला केएच, म्हणजे पाण्यातली अल्कलिनिटी, सोप्या भाषेत चुना बांधायला लागणारा विरघळलेला कार्बोनेट. ती सात-आठवर हवी. शेवाळ चुना बांधतं तेव्हा दोन्ही एकदम वापरतं; कॅल्शियम वीसनं उतरलं की केएच जवळजवळ तीननं उतरतो. बरं, दोघं पाण्यात मोकळे सोडले तर एकमेकांना चिकटून खडू होऊन तळाशी बसतात. ते होऊ नये म्हणून तिसरं मॅग्नेशियम, १३०० च्या आसपास. मुलगी बघायच्या कार्यक्रमात दोघांच्या मध्ये येऊन बसणाऱ्या आत्याचं काम ते करतं. आत्या मजबूत असली की दोघं सभ्यपणे आपापल्या जागी राहतात.

एका रविवारी घाईत मी कॅल्शियम आणि केएच वाढवायच्या दोन्ही बाटल्या एकाच कोपऱ्यात, एकामागोमाग ओतल्या. आत्यालाही सावरायला वेळ मिळाला नाही. टाकी पांढरी फटक झाली.

आई पाहत होती. "दूध घातलंस? आज काय नागपंचमी आहे?"

मासे वाचले. बाटल्यांतलं सातशे रुपयांचं औषध मात्र हीटरवर खडू होऊन बसलं.

मग कुणीतरी 'कालकवासर' सुचवलं. जर्मन नाव, म्हणजे महाग असणार म्हणून मी आधी पैशाची जुळवाजुळव केली. वाचलं तर, पाण्यात चुना कालवायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी वापरायचं. आईला सांगितलं. ती हसलीच. "अरे, ही तर चुन्याची निवळी. तुला लहानपणी पाजलीय." आणि पानाच्या डब्यातली चुन्याची डबी माझ्यापुढे सरकवली. मी शुद्ध चुन्याची पूड मागवली, पण चुना लागायचा तो आधीच्या बाटल्यांत लागून झाला होता.

निवळी भारी जहाल, पीएच बाराच्या वर. एकदम ओतली तर मासे जातील. म्हणून दिवसभरात जेवढं पाणी उडतं तेवढीच, रात्री, थेंबथेंब सोडायची. त्यासाठी मिरजेच्या मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला. मिरज दवाखान्यांचं गाव. काउंटरवरच्या माणसानं सवयीनं विचारलं, "पेशंट कुठं ॲडमिट आहे?"

"घरीच. शोकेसशेजारी."

त्यानं पुढं काही विचारलं नाही, सुट्टे पैसे जपून हातात दिले.

परवा रात्री बाहेर धो धो कोसळत होतं. मी टाकीपुढे स्टुलावर चाचणीची नळी घेऊन थेंब मोजत होतो, तेवढ्यात पुण्याहून धाकट्याचा फोन.

"दादा, पाणी किती?"

"चारशे. परवा चारशे वीस होतं. उतरतंय."

तिकडे नुसता श्वास ऐकू आला. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला.

"भाऊजी, पुलाचं बत्तीस फूट आहे, घाबरू नका. हे टाकीतल्या कॅल्शियमचं सांगतायत."

"मग वहिनी, ते कमी की जास्त?"

तिनं नळी दिव्यापुढे धरली.

"काय की. माझ्या मते अजून वांगीच आहे."